इंचरावांची उंच बैठक

निवृत्तीनंतर होडी घ्यायची हे इंचरावांनी ठरवलं, तेव्हा ते बायकोला, म्हणजे बाईंना, कधी सांगायचं याचाही त्यांनी रीतसर विचार केला. जेवताना सांगितलं तर जेवण बिघडणार, झोपताना सांगितलं तर झोप. म्हणून त्यांनी सकाळची वेळ निवडली. बाई कपाटाच्या माथ्यावरची धूळ पुसत होत्या. (स्टूल न घेता. ही गोष्ट पुढे लागणार आहे, म्हणून आत्ताच सांगून ठेवलेली बरी.)

"मी म्हणतो, आपण एक शिडाची होडी घेऊ," इंचराव म्हणाले. "यॉट. लहानशी. आपल्याला परवडेल अशी."

बाईंनी फडकं झटकलं. धूळ इंचरावांच्या टकलावर पडली, कारण ते बरोबर खाली उभे होते.

"परवडेल अशी यॉट," बाई म्हणाल्या. "म्हणजे खेळण्यांच्या दुकानातली का?"

इंचराव हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. चौतीस वर्षं ते एका आर्किटेक्टच्या ऑफिसात नकाशे काढत होते, आणि एकदा एका बंगल्याचा दरवाजा पाव इंचाने कमी आहे म्हणून त्यांनी सुताराला तीनदा परत पाठवलं होतं. तिसऱ्या खेपेला सुतार जे काही बोलला त्यातला छापण्याजोगा शब्द तेवढा 'इंचराव' होता, आणि तोच त्यांना चिकटला. बाई एका शाळेत खेळाच्या शिक्षिका होत्या. उंची पाच फूट नऊ इंच, गळ्यात शिट्टी, आणि आवाज असा की शिट्टी केवळ शोभेला. त्याही त्याच वर्षी निवृत्त झाल्या होत्या.

आयुष्यभर जगाची मापं चोख घेणाऱ्या इंचरावांनी एकच माप चुकवलं होतं, ते स्वतःचं. बाविसाव्या वर्षी नोकरीचा अर्ज भरताना 'उंची' असा रकाना आला. शेजारी एक ताडमाड उमेदवार त्यांच्या कागदात डोकावत होता. इंचराव होते पाच फूट तीन. पेन त्यांच्या हातात होतं आणि पेनाने पाच फूट सहा लिहिलं. पुढे त्या अर्जावरून ओळखपत्र झालं, ओळखपत्रावरून लायसन्स, लायसन्सवरून विम्याचा कागद, आणि लग्न ठरताना बाईंनाही तोच आकडा सांगितला गेला. म्हणजे इंचराव खोटं एकदाच बोलले होते, नंतर त्यांनी नुसती नक्कल केली. तीस-चाळीस वर्षं एकच आकडा लिहिल्यावर तो त्यांना स्वतःलाही खरा वाटायला लागला होता.

"अहो, होडी म्हणजे उन्हात आणि वाऱ्यात उभं राहायचं ना?" बाईंनी विचारलं.

"तसं थोडंसं..."

"मग माझ्याकडून नाही. तीस वर्षं मी मैदानावर उन्हातान्हात उभी राहिले. आता मी बसणार आहे. सावलीत, सोफ्यावर, वारा न लागता. आणि बसल्या जागेवरून मला बाहेरचं सगळं दिसलं पाहिजे. उगाच तळघरात कोंडून घेणार नाही मी."

दुसरा कोणी असता तर हा नकार समजून गप्प बसला असता. इंचरावांनी मात्र खिशातून पेन्सिल काढली आणि सगळ्या अटी लिहून घेतल्या. त्यांच्या धंद्यात गिऱ्हाईक असंच बोलतं.

आणि अशी होडी असते, हे त्यांना दोनच दिवसांत कळलं. तिच्यातली बैठकीची खोली (होडीवाले तिला सलून म्हणतात, तिथे केस कापत नाहीत, आणि इंचरावांना त्याची गरजही उरली नव्हती) होडीच्या पोटात न दडवता वर उचललेली असते. चहूबाजूंनी काचा असतात. माणूस आत सोफ्यावर बसतो, त्याला वारा लागत नाही, पाणी उडत नाही आणि समुद्र तर समोर दिसतो. इंचरावांनी त्याच रात्री तिचा नकाशा काढला. आत सोफ्यावर बसलेल्या बाई काढल्या. मागे बाहेर, सुकाणूच्या चाकाशी उभे असलेले इंचराव काढले. मग बाईंच्या डोळ्यांपासून इंचरावांच्या चेहऱ्यापर्यंत एक बारीक रेघ ओढली. रेघ वर चढत होती. लग्नाला एकतीस वर्षं झाली, पण बाईंनी मान वर करून आपल्याकडे पाहिल्याचं इंचरावांना आठवत नव्हतं. त्यांना होडी हवी होतीच, पण खरं सांगायचं तर त्यांना ती रेघ हवी होती.

मग होड्या बघणं सुरू झालं. पहिली होडी खिशाला अगदी सोसणारी होती, पण बैठकीत जायला पाच पायऱ्या खाली उतरावं लागे. बाई उतरल्या. इंचराव वर थांबले.

"काय दिसतंय?" इंचरावांनी वरून विचारलं.

"पाय."

"कोणाचे?"

"तुमचे. मोज्याला भोक पडलंय."

दुसऱ्या होडीची बैठक इतकी सुरेख होती की बाई बसल्या त्या उठायला तयार होईनात. विकणाऱ्याने किंमत सांगितली तेव्हा इंचरावही बसले. हप्त्यांचीही सोय होती, फक्त शेवटचा हप्ता इंचरावांच्या वयाच्या त्र्याण्णवाव्या वर्षी येत होता.

दोन होड्या नापास झाल्यावर इंचरावांनी ठरवलं की आधी घरी बैठक उभी करायची, ती बाईंकडून पास करून घ्यायची, आणि मग त्या मापाची होडी शोधायची. ऑफिसात ते हेच करत. जिना बांधण्याआधी तो जमिनीवर खडूने काढून त्यावर साहेबांना चालवत. एका शनिवारी बाई बाजारात गेलेल्या पाहून त्यांनी पलंग हॉलमध्ये ओढला, त्यावर जेवणाचं टेबल चढवलं, त्यावर सोफ्याच्या गाद्या रचल्या, आणि फ्रिजच्या खोक्याच्या पुठ्ठ्याला खिडक्या कापून तो सभोवती उभा केला. बाई परत आल्या तेव्हा सोबत त्यांचा भाऊ होता. तो बहिणीपेक्षाही दोन बोटं उंच.

"भावोजी, घर बदलताय का?" त्याने विचारलं.

"होडी आहे ही. चढ वर, बस."

मेहुणा चढला, बसला आणि अभिमानाने ताठ झाला. पंखा बंद होता म्हणून बरं. नुसतं टेंगूळ आलं. बाईंनी भावाच्या डोक्याला बर्फ लावला, मग स्वतः चढून बसल्या, पुठ्ठ्याच्या खिडकीतून थेट रस्त्यापलीकडच्या इस्त्रीवाल्याच्या दुकानापर्यंत पाहिलं, आणि म्हणाल्या, "हे चालेल."

ती 'होडी' पुढे नऊ दिवस हॉलमध्ये होती. बाई तिथे बसून पेपर वाचत, मटार सोलत आणि इंचरावांचा अभ्यासही घेत. कारण दोन वर्षांपासून दर रविवारी एका चिमुकल्या उघड्या होडीत बसून इंचराव शीड हाकायला शिकत होते (घरी 'मित्राकडे जातो' असं सांगून), आणि ते गुपित आता फुटलं होतं. बाई पुस्तक हातात धरून शाळेतल्यासारखे प्रश्न विचारत. चुकलं की शिट्टी वाजवत. नवव्या दिवसापर्यंत इंचरावांना पुस्तकातलं निम्मं येत होतं आणि बाईंना सगळं.

दहाव्या दिवशी तिसरी होडी सापडली. एका बेकरीवाल्याची. होडी जुनी, एकतीस फुटी, किनाऱ्यावरच्या आवारात लाकडी टेकूंवर उभी केलेली. बैठक वर उचललेली, चहूबाजूंनी काचा, निळा सोफा. बाई आत जाऊन बसल्या. इंचरावांनी टेप काढून बाईंचा डोळा मोजला, खिडकीची कड मोजली, आणि खात्रीसाठी पुन्हा मोजली. नऊ दिवस हॉलमध्ये होतं तेच माप. अगदी इंचाला इंच.

"चालवणार कोण? ताई?" बेकरीवाल्याने विचारलं. हा गृहस्थ सहा फूट तीन इंच होता आणि वाकून बोलायची त्याला सवय होती.

"मी," इंचराव म्हणाले.

बेकरीवाल्याने त्यांच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. त्याला फारसा वेळ लागला नाही.

"ताईंनाही शिकवून ठेवा साहेब," तो म्हणाला. "दोघांना येत असलेलं बरं असतं." आणि कोणी न मागता त्याने किंमत थोडी उतरवली. ही आपल्या घासाघिशीची करामत, असं इंचराव नंतर महिनाभर सांगत होते.

आता इंचराव काही कच्च्या गुरूचे चेले नव्हते. बैठक वर उचलली म्हणजे तिचं छपरही वर जाणार, आणि मागे चाकाशी उभं राहणाऱ्याला त्या छपरावरून समोरचं दिसायला हवं, हे त्यांच्या ध्यानात आलं होतं. त्यांनी तिथल्या तिथे वही काढून हिशोब केला. छपरावरून दिसायला डोळा पायाखालच्या फळीपासून पाच फुटांवर हवा. माणसाचा डोळा डोक्याच्या माथ्यापासून साडेचार इंच खाली असतो. उंची पाच फूट सहा (इथे पेन्सिल जराही अडखळली नाही), म्हणून डोळा पाच फूट दीड इंचावर. दीड इंच शिल्लक. इंचरावांच्या लेखी दीड इंच म्हणजे मैदान.

तरी खात्री करावी म्हणून ते चाकामागे जाऊन उभे राहिले. तिथे जुनं शीड घडी करून टाकलेलं होतं. चांगली दीड फूट उंच घडी. इंचराव तिच्यावर उभे राहिले. समोर छप्पर, छपरापलीकडे आवाराची भिंत, भिंतीपलीकडे समुद्र. आत सोफ्यावरून बाई मान वर करून त्यांच्याकडे पाहत होत्या. इंचरावांना आकाश ठेंगणं झालं. त्यांनी त्याच दिवशी पैसे दिले.

बाईंनी फक्त एक अट घातली. "एक फेरी मारायची. मला आवडली तर होडी ठेवायची. नाही आवडली तर विकायची, आणि पुन्हा या घरात होडीचं नाव निघायचं नाही."

"कबूल," इंचराव म्हणाले. त्यांना हरायची भीतीच नव्हती.

महिन्याभराने होडी पाण्यात उतरली. रविवार, स्वच्छ ऊन, बेताचा वारा. इंचरावांनी नवी पांढरी टोपी घातली होती. बाई थर्मास आणि मासिक घेऊन आत सोफ्यावर बसल्या. धक्क्यावर मेहुणा हात हलवायला उभा होता. इंचरावांनी दोर सोडले, शीड वर चढवलं. आणि शीड वर गेल्यावर त्यांच्या ध्यानात आलं की आपण खाली आलो आहोत.

चाकामागे आता घडी नव्हती. घडी डोलकाठीवर फडफडत होती. इंचरावांच्या समोर छपराची पांढरी कड होती, आणि कडेच्या वर आकाश. आकाशाला तोटा नव्हता. बाकी काही नव्हतं. ते टाचा उंचावून उभे राहिले, तेव्हा थोडं जास्त आकाश दिसलं. डावीकडे वाकले तर डावीकडचं पाणी दिसे, उजवीकडे वाकले तर उजवीकडचं. समोर बघायचं तर एकच वाट होती: मागच्या काचेतून आत आणि पुढच्या काचेतून बाहेर. त्या वाटेवर मधोमध बाईंचा अंबाडा होता.

"अगं, जरा डावीकडे सरकतेस का?"

"का?"

"काही नाही. सोफा एका बाजूने झिजू नये म्हणून."

बाई सरकल्या. अंबाड्याच्या जागी थर्मास आला. आता 'मला दिसत नाही' म्हणावं तर तीस-चाळीस वर्षांचे सगळे कागद खोटे पडणार. न म्हणावं तर होडी वाऱ्यावर छान पळत होती.

"दृश्य कसं आहे?" त्यांनी शक्य तितक्या सहज आवाजात विचारलं.

"छान आहे."

"म्हणजे समोर काय काय दिसतंय? नुसती मजा म्हणून विचारतोय."

"पाणी. पक्षी. आणि एक लाल पिंप तरंगतंय."

ते पिंप म्हणजे बोया. होड्यांना वाट दाखवायला समुद्रात साखळीने बांधून ठेवतात तो.

"केवढं आहे?"

"लहान आहे. डब्याएवढं." बाईंनी चहाचा घोट घेतला. "नाही, बादलीएवढं."

"बादली की डबा? नीट सांग."

"मघाशी डबा होता. आता बादली आहे. अहो, पिंपच आहे हो चांगलं! त्याच्यावर पक्षी बसलाय. पक्ष्याने आपल्याकडे पाहिलंन्... अहो, पक्षी उडाला!"

"कोणत्या बाजूला आहे ते?"

"कोणत्या बाजूला म्हणजे काय? समोर आहे! तुम्हाला दिसत नाही?"

हा प्रश्न एकतीस वर्षांत पहिल्यांदा विचारला गेला होता. इंचरावांनी तोंड उघडलं. आवाज आला तो शिट्टीचा. बाई थर्मास टाकून बाहेर आल्या होत्या, आणि सवयीने गळ्यातली शिट्टी त्यांच्या तोंडात गेली होती. ती इतकी कडक वाजली की दूर धक्क्यावर मेहुणा सावधान उभा राहिला. बाईंनी इंचरावांना खांद्याला धरून बाजूला ठेवलं, छपरावरून समोर पाहिलं आणि चाक गरकन फिरवलं. होडी वळली. लाल पिंप उजवीकडून हातभर अंतरावरून गेलं. त्याच्यावर पक्ष्याने मागे ठेवलेल्या खुणाही इंचरावांना स्पष्ट दिसल्या.

पिंप मागे पडलं, तसं बाईंनी चाक सरळ केलं.

"मला तुला एक सांगायचंय," इंचराव टोपी हातात घेऊन म्हणाले. "माझी उंची पाच फूट सहा इंच नाही."

"मग?"

"पाच फूट तीन."

बाई समोर बघत हसल्या. "अहो, मी दरवर्षी चारशे मुलांची उंची मोजत होते. पहिल्या भेटीत तुम्ही खुर्चीवरून उठलात तेव्हाच कळलं होतं मला."

"आणि तू बोलली नाहीस?"

"इतक्या ऐटीत सांगितलंत तुम्ही. म्हटलं, माणसाला तीन इंचांची हौस आहे, असू दे. दुसऱ्यांच्या हौसा याहून महाग असतात."

इंचरावांना एकदम घर आठवलं. न्हाणीघरातला आरसा, स्वयंपाकघरातलं डब्यांचं फडताळ, दिव्याची बटणं, घरातली प्रत्येक गोष्ट आपल्या हाताला कशी बरोबर येते याचं त्यांना नेहमी कौतुक वाटे. गवंड्याने चुकून खाली बसवलं असेल, असं ते समजत होते. आता त्यांना गवंडी कोण ते कळलं. आपण नशीबवान माणूस आहोत, असं त्यांना मनापासून वाटलं, आणि पाठोपाठ अट आठवली.

"म्हणजे आता विकायची ना होडी?"

बाईंनी शिडाकडे पाहिलं, चाक बोटभर सोडलं आणि पुन्हा धरलं. वाऱ्याने त्यांचा अंबाडा सुटला होता. "तीस वर्षं उन्हात उभी राहिले ती दुसऱ्यांचा खेळ बघत," त्या म्हणाल्या. "आज मी खेळतेय. ठेवायची." मग जरा थांबून, "तुम्ही आत जाऊन बसा. वारा लागेल."

इंचराव आत जाऊन निळ्या सोफ्यावर बसले. खरोखर वारा लागत नव्हता, पाणी उडत नव्हतं, आणि समुद्र कसा समोर दिसत होता. त्यांनी मागे वळून चाकाकडे पाहिलं. त्यासाठी मान वर करावी लागली. रेघ त्यांनी काढली होती तशीच होती, फक्त माणसांची अदलाबदल झाली होती.

पण इंचराव इतक्यात हार मानणारे नव्हते. घरी येऊन त्यांनी खऱ्या उंचीवर, अगदी प्रामाणिकपणे, नवा हिशोब मांडला. पाच फूट तीन म्हणजे दीड इंच कमी. दीड इंचाची लाकडी पायरी, वर अर्धा इंच खुशीचा. चोख दोन इंच. पुढच्या रविवारी ती पायरी काखेत मारून ते धक्क्यावर हजर झाले. बाईंनीही मोठ्या मनाने चाक सोडलं. इंचराव पायरीवर चढले, छाती भरून श्वास घेतला आणि समोर पाहिलं.

समोर छपराची पांढरी कड होती. बरोबर डोळ्यांसमोर.

"हिशोब चुकणं शक्य नाही," ते पुटपुटले. "मी तीनदा तपासलाय."

बाईंनी पिशवीतून शाळेतली जुनी टेप काढली, इंचरावांना डोलकाठीला पाठ लावून उभं केलं आणि डोक्यावर पुस्तक आडवं धरलं. "पाच फूट दोन," त्या म्हणाल्या. "शेवटचं कधी मोजलं होतं?"

"कॉलेजात."

"अहो, वयाने माणूस आटतो थोडा. त्यात एवढं तोंड पाडण्यासारखं काय आहे? अर्ध्या इंचाचा तर प्रश्न आहे." बाईंनी त्यांच्या पाठीवर थाप मारली. "जाड तळव्याचे बूट घाला, झालं काम."

इंचरावांनी खाली आपल्या पायांकडे पाहिलं.

"तेच घातलेत," ते म्हणाले, आणि मुकाट्याने आत जाऊन सोफ्यावर बसले.